परभणी क्रांतीचा पत्ता

भेंडीवर काम झालेला कृषी विद्यापीठातला एखादा प्रबंध घ्या आणि शेवटची पानं उघडा. ‘लिटरेचर साइटेड’ या मथळ्याखाली एक नोंद बहुतेक वेळा सापडते. मूळ इंग्रजीतली ही नोंद देवनागरीत उतरवली तर अशी दिसेल:

जांभळे, एन. डी. आणि नेरकर, वाय. एस. (१९८६). परभणी क्रांती, अ यलो व्हेन मोझॅक रेझिस्टंट ओक्रा. हॉर्टसायन्स, २१, १४७०–१४७१.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडून पीक बुडवणारा एक विषाणूजन्य रोग आहे. त्याला दाद न देणारं वाण परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार झालं. त्यासाठी लागवडीच्या भेंडीचा तिच्याच एका नातलग जातीशी संकर केला गेला. त्याची खबर अमेरिकेतल्या बागायतशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली. जगात कुठेही बसलेल्या माणसाला ती खबर जशीच्या तशी वाचायची असेल, तर एवढी नोंद पुरते. ती वाणाचं कौतुक करत नाही की कामाचं महत्त्व सांगत नाही, फक्त पत्ता देते. संदर्भ देण्याच्या सगळ्या शास्त्राचा गाभा हाच आहे. पत्ता असा हवा की पत्र वाटेत हरवू नये.

या पत्त्यात चार गोष्टी आहेत: कोणी लिहिलं, केव्हा, काय आणि कुठे. एपीए, एमएलए, शिकागो अशी नावं ऐकून प्रबंध लिहिणारी मुलं बिचकतात, पण त्या सगळ्या पद्धती याच चार गोष्टी मागतात. फरक असतो तो क्रमाचा, विरामचिन्हांचा आणि तिरप्या अक्षरांचा. एखादी पद्धत वर्ष नावाला चिकटून मागते, दुसरी शेवटी ढकलते. कुठे आद्याक्षरं चालतात, कुठे पूर्ण नाव लागतं.

आता तीच नोंद जरा सावकाश वाचू. २१ हा खंड आहे. १४७० ते १४७१ ही पानं. कोणत्याही एका अंकाला चौदाशे पानं नसतात, म्हणजे या नियतकालिकाचे पृष्ठक्रमांक वर्षभर सलग चालत असले पाहिजेत. आणि लेख उणापुरा दोन पानांचा. नवं वाण जाहीर करणारं ते छोटं टिपण आहे, हे नुसत्या आकड्यांवरूनच कळतं. मग ‘रोगप्रतिकारशक्ती पुढच्या पिढीत कशी उतरते’ या विधानाला आधार म्हणून ही नोंद जोडावी का? नाही. त्यासाठी याच दोघांचा १९८१ चा लेख आहे, ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’च्या ६० व्या खंडात, पानं ३१३ ते ३१६. त्याचा विषयच मुळी प्रतिकारशक्तीची आनुवंशिकता हा आहे. माणसं तीच, पीक तेच, रोगही तोच. पण कोणतं विधान कोणत्या लेखावर उभं आहे ते वेगळं. वाक्याच्या शेवटी कंसात नाव आणि वर्ष टाकताना हा विवेक राहिला नाही, तर पुढची स्वल्पविरामांची मेहनत फुकट जाते. कंसातलं वर्ष चुकलं की वाचक भलत्याच घराची कडी वाजवतो.

नाव आणि वर्ष मजकुरातच देण्याची ही रीत प्राणिशास्त्रातून आली. हार्वर्ड विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ च्या एका शोधलेखात ती वापरली. म्हणून तिला आजही ‘हार्वर्ड पद्धत’ म्हणतात, जरी त्या विद्यापीठाने तिचं अधिकृत पुस्तक काही काढलेलं नाही. शिकागोचं मॅन्युअल १९०६ चं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे, म्हणजे एपीएचे, नियम १९२९ मध्ये एका नियतकालिकातल्या सात पानांत मावले होते. २०१९ ला निघालेली त्यांची सातवी आवृत्ती चारशेहून अधिक पानांची आहे. वैद्यकातल्या संपादकांनी १९७८ मध्ये व्हँकुव्हरला बसून क्रमांकांची पद्धत ठरवली, ती व्हँकुव्हर पद्धत.

सात पानांची चारशे पानं का झाली? कारण अडचणी वाढत गेल्या. लेखक नसलेला अहवाल, दोनदा छापलेलं पुस्तक, मुलाखत, नकाशा, चित्रफीत अशा प्रत्येक वेळी कोणीतरी विचारलं, ‘हे कसं लिहू?’ आणि कोणीतरी उत्तर ठरवून टाकलं. मार्गदर्शिका म्हणजे या ठरलेल्या उत्तरांचा साठा. ती कादंबरीसारखी पहिल्या पानापासून वाचायची नसते. सुरुवातीची तीस-चाळीस पानं नीट वाचावीत, नमुन्याच्या नोंदी कुठे आहेत ते पाहून ठेवावं आणि पुढे अडेल तेव्हा सूचीतून शोधावं.

कोणती मार्गदर्शिका वापरायची हा प्रश्न विद्यार्थी मित्रांना विचारतात. खरं तर तो विद्यापीठाला विचारायचा. परभणी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याचं घर दोन ठिकाणी असू शकतं. कृषी शाखेचा असेल तर परभणीचंच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. कला, विज्ञान, वाणिज्य शाखेचा असेल तर त्याचं महाविद्यालय नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेलं. दोन्हीकडचा साचा निराळा असणार. म्हणून पहिला मान विद्यापीठाच्या लेखी नियमांना, त्यानंतर विभागाच्या प्रथेला, आणि ही दोन्ही गप्प असतील तिथे एपीए किंवा शिकागोला. हाच मजकूर पुढे शोधलेख म्हणून धाडायचा झाला तर त्या नियतकालिकाचे नियम वेगळे. नोंदी पुन्हा फिरवाव्या लागतात. गाइड सरांचं म्हणणं आणि छापील नियम जुळले नाहीत तर ते सिनॉप्सिसच्या वेळीच बोलून घ्यावं, व्हायवाच्या आदल्या आठवड्यात नको.

इथवर सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे, कारण परदेशी मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनी परभणी पाहिलेली नाही.

नावापासूनच सुरुवात होते. ‘आडनाव आधी, मग आद्याक्षरं’ हा नियम कुलकर्णी, देशमुख, शिंदे यांना ठीक. पण बी. रघुनाथ यांचं काय करायचं? परभणीशी जन्माचं नातं असलेले हे कवी-कादंबरीकार. खरं नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. रघुनाथ हे वडिलांचं नाव. संगणकाच्या हाती दिलं तर तो बिनदिक्कत ‘रघुनाथ, बी.’ करून ‘र’मध्ये नेऊन बसवतो. ही नोंद चूकच आहे. टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या लेखकाचं नाव पुस्तकावर छापलं आहे तसं, अखंड ठेवावं: ‘बी. रघुनाथ’, ‘ब’मध्ये. हवं तर ‘कुलकर्णी, भगवान रघुनाथ’ इथे ‘बी. रघुनाथ पाहा’ अशी एक ओळ द्यावी. कुसुमाग्रजांना हाच न्याय. गंगाखेडच्या संत जनाबाईंना तर आडनावाची भानगडच नाही. ‘जनाबाई’ एवढीच नोंद.

जनाबाईंचा अभंग उद्धृत करताना आणखी एक पेच पडतो. पृष्ठक्रमांक द्यावा की अभंग क्रमांक? दोन्ही द्यावेत, आणि गाथा कोणाची, कोणत्या वर्षाची तेही. कारण संतवाङ्मयाच्या गाथा वेगवेगळ्या संपादकांनी सिद्ध केल्या आहेत. एका प्रतीत जो अभंग एका क्रमांकावर आहे तो दुसरीत तिथे असेलच असं नाही, पाठही बदलतो. ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी असा आकडा देण्याची परंपरा आहे आणि ती सोयीची आहे. तरी आवृत्ती सांगावीच लागते, कारण इतिहासकार वि. का. राजवाड्यांची प्रत आणि इतर प्रती ओवीला ओवी जुळत नाहीत.

छापलेलंच नाही अशा शब्दाचं काय, हा प्रश्न मराठवाड्यात फार लवकर समोर येतो. पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या संग्रहात ध्वनिमुद्रित आहेत. लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे. अशा ओवीखाली ‘पारंपरिक’ लिहून मोकळं होण्याची खोड अभ्यासकांना आहे. ती सोडावी. गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, ध्वनिमुद्रणाची तारीख, संग्राहक आणि संग्रह, एवढं सगळं नोंदीत आलं पाहिजे. ओवी परंपरेची असेल, पण त्या दिवशी ती कोणा एका बाईच्या गळ्यातून आली होती. तुम्ही स्वतः गावात जाऊन मुलाखत घेतली असेल तर एपीएच्या नियमाप्रमाणे ती मजकुरातच ‘व्यक्तिगत संवाद’ म्हणून तारखेसह येते, सूचीत येत नाही. कारण वाचक तिथे पुन्हा पोचू शकत नाही. बऱ्याच विद्यापीठांत मात्र मुलाखतींची वेगळी यादी परिशिष्टात मागतात. ती द्यावी. माहिती देणाऱ्याने नाव न छापण्याची विनंती केली असेल तर तीही पाळावी. पत्ता देण्याच्या नियमाला एवढा अपवाद हवाच.

आता वर्ष. वर्ष ही नोंदीतली सर्वांत निरुपद्रवी दिसणारी आणि सर्वांत जास्त घोटाळे करणारी गोष्ट आहे. जुन्या मराठी पुस्तकांवर शक असतो. चैत्र ते डिसेंबर या काळासाठी शकात ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन या काळासाठी ७९. पुस्तकावर महिना नसेल तर ‘शके १८५० (१९२८–२९)’ असं लिहून मोकळं व्हावं. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळे महसुलाच्या कागदांवर फसली सन येतो. तिथे ढोबळ मानाने ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू होतं तो मिळतो: फसली १३५० म्हणजे १९४०–४१. उत्तर हिंदुस्थानातला फसली याहून थोडा वेगळा धावतो, म्हणून उत्तरेकडच्या पुस्तकातला तक्ता इथे लावू नये. मूळ कागदावरचं वर्ष आधी लिहावं, रूपांतर कंसात. उलट केलं तर अभिलेखागारात कागद मागताना कारकून हात वर करतो.

त्याहून मोठा खड्डा जिल्ह्याच्या नावातच आहे. १९९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांच्या पुढे आहे. २००१ मध्ये ती १५ लाखांच्या घरात. वर्ष आणि स्रोत न देता हे दोन आकडे एका तक्त्यात बसवले, तर दहा वर्षांत पाच-सहा लाख माणसं कुठे गेली असा प्रश्न कोणीही विचारील. ती कुठे गेली नाहीत. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून गेला होता. म्हणजे १९६७ च्या राज्य गॅझेटियरमधला ‘परभणी जिल्हा’, १९९१ चा आणि आजचा, हे तीन वेगवेगळे प्रदेश आहेत. कापसाचं क्षेत्र, विहिरींची संख्या, साक्षरता, कोणताही आकडा घ्या, वर्ष म्हणजेच इथे भूगोल आहे. नोंद पूर्ण असेल तर जाणता वाचक हा फरक स्वतः लावून घेतो. तक्त्याखाली एक तळटीप टाकली तर त्याला तोही त्रास पडत नाही.

संस्थांची नावंही बदलतात. परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये ‘मराठवाडा कृषी विद्यापीठ’ म्हणून सुरू झालं आणि २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचं नाव मिळालं. १९९५ च्या प्रबंधाची नोंद करताना आजचं नाव लिहिलं तर आदर दिसेल, पण मुखपृष्ठावर ते नाव नाही. छापलं आहे तेच लिहायचं. औरंगाबादच्या विद्यापीठाचा १९९० चा प्रबंध ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणूनच येणार. नामविस्तार १९९४ चा. त्याच नियमाने, शहराचं नाव आता बदललं असलं तरी, १९८० साली औरंगाबादेत निघालेल्या पुस्तकाचं प्रकाशनस्थळ औरंगाबादच राहील. संदर्भसूची ही आपली मतं मांडायची जागा नव्हे. एपीएच्या सातव्या आवृत्तीने तर प्रकाशनस्थळ देणंच बंद केलं आहे. मराठीत मात्र ते ठेवावं असं माझं मत आहे. आपल्याकडे एकाच नावाच्या प्रकाशनसंस्था वेगवेगळ्या गावांत निघतात, आणि ‘पुणे’ की ‘नांदेड’ एवढ्यावरून पुस्तक शोधणं सोपं होतं.

मराठी सूची अकारविल्ह्याने लावताना क्षीरसागर आणि ज्ञाते अडवतात. संगणक ‘क्ष’ला क आणि ष यांचं जोडाक्षर समजून अनेकदा ‘क’च्या शेवटी ठेवतो, शाळेत शिकलेली वर्णमाला त्याला अगदी तळाला नेते. दोन्हींपैकी एक ठरवा आणि सूचीभर पाळा. इंग्रजी व मराठी संदर्भ एकत्र करू नयेत. मराठी आधी, इंग्रजी नंतर, असे दोन भाग केलेले बरे.

मराठी आणि इतिहास या विषयांच्या प्रबंधांत तळटिपांची परंपरा जुनी आहे आणि तिच्यासोबत ‘तत्रैव’ आणि ‘उपरोक्त’ ही जोडगोळी येते. हाताने लिहायच्या काळात हे शब्द कष्ट वाचवत. आता परिच्छेद उचलून दुसरीकडे डकवला की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शिकागोच्या २०१७ च्या आवृत्तीनेही त्याऐवजी लेखकाचं आडनाव आणि लघुशीर्षक पुन्हा लिहा, असाच सल्ला दिला. तो घ्यावा.

या सगळ्या बारकाव्यांपेक्षा मोठी एक सवय आहे आणि ती मार्गदर्शिका सुधारू शकत नाही: न वाचलेल्याचा संदर्भ देणं. ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ हे प्रकरण मागच्या बॅचच्या प्रबंधावरून उतरवलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातल्या चुकाही उतरतात. मिखाइल सिमकिन आणि व्वानी रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ मध्ये याच चुकांचा माग काढला. भौतिकशास्त्रातला एक गाजलेला लेख सुमारे ४,३०० वेळा उद्धृत झाला होता. १९६ ठिकाणी त्याचा पत्ता चुकला होता, पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर त्या फक्त ४५ भरल्या. पृष्ठक्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी केली होती. इतक्या जणांचा हात त्याच एका आकड्यावर घसरेल कसा? पाहून लिहिलं म्हणूनच. त्यांचा अंदाज असा की उद्धृत करणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकानेच मूळ लेख वाचला असावा.

त्याहून मासलेवाईक गोष्ट व्हॅन डर गीर यांची. ‘द आर्ट ऑफ रायटिंग अ सायंटिफिक आर्टिकल’ नावाचा, २००० सालचा त्यांचा लेख शेकडो शोधलेखांच्या सूचीत आढळतो. असा लेख कोणी लिहिलाच नव्हता. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या सूचनापत्रात ‘संदर्भ असा लिहावा’ हे दाखवायला एक काल्पनिक नोंद दिली होती. लोकांनी साचा उतरवून घेतला आणि नमुन्याची ओळ पुसायची राहून गेली. लायडनचे निवृत्त प्राध्यापक पीटर क्रोनेनबर्ग यांना ही नोंद खटकली आणि शोध घेतल्यावर तो लेख जवळपास ४०० ठिकाणी उद्धृत झालेला निघाला. आज लेखनसाहाय्य करणारी संगणकीय साधनं अशाच अस्तित्वात नसलेल्या नोंदी क्षणात रचून देतात, आणि त्या दिसतात मात्र अगदी खऱ्या. लेखक ओळखीचा, नियतकालिक खरं, खंड-पानं व्यवस्थित. म्हणून कुठूनही मिळालेली नोंद स्वतः उघडून पाहावी. डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तो टाकून लेख उघडतो का बघावं. कृषी प्रबंधांसाठी ‘कृषिकोश’ आणि इतर विद्यापीठांच्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हे दोन साठे फुकट उपलब्ध आहेत.

मूळ लेख मिळालाच नाही तर? मग खरं ते लिहावं. १९८१ चा लेख तुम्ही पाहिलेला नाही, नंतरच्या कोणाच्या प्रबंधात त्याबद्दल वाचलंत, तर मजकुरात ‘जांभळे आणि नेरकर (१९८१), उद्धृत’ म्हणून त्या नंतरच्या लेखकाचं नाव-वर्ष द्यावं आणि सूचीत फक्त नंतरचा प्रबंध घ्यावा. यात कमीपणा नाही. परीक्षकालाही कळतं की या मुलाने जे हातात घेतलं तेवढंच सांगितलं.

वाङ्मयचौर्याची भीती आता नियमांतच आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रबंध सादर करावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर गेलं की नोंदणीच रद्द होते. स्रोत देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. सर्वसामान्य माहितीचे किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरत नाहीत. त्यामुळे मुलं टक्क्यांच्या मागे लागतात आणि ‘वाढ’च्या जागी ‘वृद्धी’, ‘घट’च्या जागी ‘ऱ्हास’ घालत बसतात. हे स्वतःच्या शब्दांत मांडणं नव्हे. मूळ पान वाचावं, मिटावं, दहा मिनिटांनी आठवेल तसं लिहावं, आणि मग पुन्हा उघडून फक्त आकडे व नावं ताडून पाहावीत. शेवटी संदर्भ द्यावाच, कारण शब्द आपले झाले तरी निष्कर्ष त्यांचाच आहे. साम्य मोजणाऱ्या यंत्रणेला उचललेली कल्पना दिसत नाही, फक्त उचललेले शब्द दिसतात. पहिल्या गोष्टीची राखण आपली आपणच करायची.

परभणी मराठवाड्यात आहे, याला संदर्भ लागत नाही. परभणी क्रांती हे रोगाला दाद न देणारं वाण म्हणून जाहीर झालं, याला लागतो. मधल्या सीमेवरच्या विधानांना देऊन टाकावा. जास्तीच्या संदर्भाने कोणाचं नुकसान झालेलं ऐकिवात नाही.

कामाचा क्रम मात्र एकच बरा: वाचतानाच नोंद. पुस्तक हातात घेतलं की पहिलं वाक्य वाचायच्या आधी मुखपृष्ठामागचं पान उघडून लेखक, वर्ष, आवृत्ती, प्रकाशक, गाव वहीत उतरवावं. झेरॉक्स काढली तर तिच्या पहिल्या पानावर हेच लिहावं आणि उतारा टिपताना शेजारी पृष्ठक्रमांक टाकावा. सूची शेवटच्या महिन्यात करायची ठेवली की ग्रंथालयात परत केलेली पुस्तकं शोधत फिरावं लागतं आणि नेमकं तेच पुस्तक कोणीतरी घरी नेलेलं असतं. संगणकावर काम असेल तर झोटेरो हे मोफत साधन वापरावं. ते नोंदी साठवतं आणि सांगाल त्या पद्धतीत सूची करून देतं. फक्त मराठी नावं आडनावाच्या व नावाच्या रकान्यात स्वतः तपासून भरावीत, कारण ‘बी. रघुनाथ’चा घोळ तेही करतं. गूगल स्कॉलरवरून उचललेली नोंद तशीच खपवू नये. तिथे नियतकालिकाचं नाव अर्धवट असतं, कधी वर्षही चुकतं.

आणखी एक इशारा डीटीपीच्या दुकानासाठी. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, संगणकाला नाही. त्यात शोध चालत नाही, साम्य तपासता येत नाही, झोटेरोची नोंद त्यात नीट बसत नाही. पहिल्या दिवशीच ‘युनिकोडमध्ये करा’ म्हणून सांगावं. दुकानदार ‘चालतं हो सगळं’ म्हणाला तरी आग्रह सोडू नये. ऱ्हस्व-दीर्घासाठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ ची त्यांतली भर आहेच, पण जुन्या पुस्तकाचं शीर्षक नव्या नियमाने दुरुस्त करू नये. ते छापलंय तसं उतरवावं, अनुस्वारांसकट.

शेवटची तपासणी दोन दिशांनी करावी. मजकुरातल्या प्रत्येक कंसावर पेन्सिलने खूण करत सूचीत तो सापडतो का पाहावं. मग सूचीतून मजकुराकडे उलट यावं. जी नोंद मजकुरात कुठेच नाही ती काढून टाकावी, कितीही भारदस्त दिसत असली तरी. एकाच लेखकाच्या एकाच वर्षीच्या दोन नोंदी असतील तर ‘१९८६अ’ आणि ‘१९८६ब’ दोन्हीकडे सारखे आहेत का बघावं. त्यानंतर वर्गातल्या एखाद्याच्या हाती सूची द्यावी आणि त्याने डोळे मिटून बोट ठेवलेल्या चार-पाच नोंदी ग्रंथालयात नाहीतर कृषिकोशावर शोधायला सांगाव्यात. जी सापडली नाही तिच्यात काहीतरी कमी आहे. हे सगळं बाइंडिंगच्या आधी उरकावं, कारण त्यानंतर शुद्धिपत्र चिकटवण्याखेरीज काही हाती राहत नाही.